गजबज आणि गलबला

एकट्यापुरतें भोजनगृह निवडणें ही चैन असते. परंतु दहाबारा मंडळींसाठीं तें निवडणें ही जोखीम होय. लग्नकार्यांत आचारी ठरविण्याचें काम घरांतील पोक्त माणसाकडे कां सोंपवीत असत, याचें मर्म पन्नाशी उलटल्यावर आम्हांस उमगूं लागलें आहे. जेवण बिघडलें तर आचाऱ्याला फारसें कोणी बोलत नाहीं. 'हा आचारी ठरविला कोणी?' असाच प्रश्न पंगतींतून उठतो. त्यांतून मंडळी सुशिक्षित असली म्हणजे पाहावयासच नको. अडाणी माणसाला एखादा पदार्थ नुसता आवडत नाहीं. सुशिक्षिताला तो तत्त्वतः नापसंत असतो!

२०२५ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत आम्ही सहकुटुंब न्यूयॉर्क येथें कन्येकडे राहिलों होतों. त्या महानगरांत आणि हडसन नदीपलीकडील न्यू जर्सींत आमचे पुण्याच्या महाविद्यालयांतील पांच सहाध्यायी स्थायिक झाले आहेत. सर्वांनीं एकदां सपत्नीक एकत्र जेवावें असें ठरलें, आणि ज्याला सुटी त्यानें जागा शोधावी या न्यायानें तें काम आमच्या गळ्यांत पडलें. कन्या धरून मंडळी तेरा. अटी तीन: जेवण इटालियन असावें, सर्वांना एकत्र बसतां यावें, आणि जागा 'जिवंत' असावी, तेथें गजबज असावी, सुतकी शांतता नसावी.

चौथी अट कोणीं उघड सांगितली नाहीं. आमच्या एका स्नेह्याची श्रवणशक्ति अलीकडे फार मंदावली आहे. एके काळीं वादविवादाचे फड गाजविणारा हा गृहस्थ आतां चारचौघांत बसला कीं मान डोलावतो, इतर हंसले कीं हंसतो, आणि 'उद्यां पहाटे उठायचें आहे' असें सांगून सर्वांच्या आधीं निघतो. मागच्या दोन मेळाव्यांना तर तो आलाच नव्हता. यंदां त्याच्या पत्नीनें दूरध्वनीवरून आम्हांस एवढेंच विचारलें, "भाऊजी, मी आणते त्यांना, पण तिथं त्यांना ऐकूं येईल ना?" तिसरी अट आणि ही चौथी, यांचा मेळ कसा घालावा, हाच खरा प्रश्न होता.

इटालियनच कां, असें वाचक विचारतील. एक कारण अगदीं व्यवहाराचें. आमच्या मंडळींत शाकाहारी होते, मांसाहारी होते, आणि 'घराबाहेर चालतें' या तिसऱ्या पंथाचेही होते. या तिघांना एकाच मेजावर निभावून नेणारी पाकपद्धति हीच. दुसरें कारण असें कीं त्या शहरांत हें अन्न परकें राहिलेलें नाहीं. १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत सुमारें चाळीस लक्ष इटालियन अमेरिकेंत उतरले. त्यांतील बहुतेक नेपल्स, कालाब्रिया, सिसिली अशा दक्षिण भागांतले गरीब शेतकरी आणि मजूर. मॅनहॅटनमधील मलबेरी स्ट्रीटच्या आसपास ते दाटीवाटीनें राहिले; एका गल्लींत एका गांवचे, पुढच्या गल्लींत दुसऱ्या गांवचे. एकटे आलेले पुरुष कोणा गांववाल्याच्या बिऱ्हाडीं पैसे देऊन जेवूं लागले. मुंबईच्या गिरणगांवांत कोंकणांतून आणि घाटावरून आलेल्या कामगारांची सोय ज्या घरगुती खाणावळींनीं केली, त्यांचीच ही सख्खी बहीण.

१९२४ च्या कायद्यानें हा लोंढा जवळजवळ आटला. पुढें मुलेंनातवंडें शिकून उपनगरांत गेलीं, शेजारची चिनी वस्ती पसरत आली, आणि आज 'लिटल इटली' म्हणून जें उरलें आहे तें चार पावलांत संपतें. तरीही दर सप्टेंबरांत नेपल्सच्या सान जेन्नारो या संताची मूर्ति तेथें वाजतगाजत निघते. हा उत्सव १९२६ पासून चालत आला आहे. दुतर्फा खाद्यपदार्थांचीं दुकानें, कढईंतून निघणारे पिठाचे गोड गोळे, बँडचा दणका, असें त्याचें वर्णन कन्येनें केलें, तेव्हां आम्हांस गणपतीचे दिवस आठवल्यावांचून राहिले नाहींत.

या मंडळींनीं मायदेशाचें अन्न जसेंच्या तसें जपलें, असें मात्र नव्हे. गांवीं ज्यांना मांस सणासुदीलाच दिसे, त्यांना अमेरिकेंत तें स्वस्त मिळालें. मग लांब शेवयांवर मांसाचे मोठमोठे गोळे विराजमान झाले आणि ताटें परातीएवढीं झालीं. शुद्धतेचे अभिमानी यावर नाक मुरडतात. पण ज्या टोमॅटोवर इटलीचा एवढा गर्व, तोही सोळाव्या शतकांत अमेरिका खंडांतूनच युरोपांत गेला. आमच्याकडची मिरची, बटाटा आणि भुईमूग हींही त्याच खंडाचीं अपत्यें. आणि ज्या कंदापासून आपला साबूदाणा होतो, तोही तिकडलाच. उपासाच्या खिचडीला ज्यांनीं सोंवळ्यांत घेतलें, त्यांनीं दुसऱ्याच्या ताटांतील भेसळ कोणत्या तोंडानें काढावी?

जागा शोधण्याआधीं आम्ही शब्दांचा थोडा अभ्यास केला. मास्तराची ती खोड आहे. इटलींत 'रिस्तोरान्ते' म्हणजे थाटामाटाचें भोजनगृह, 'त्रात्तोरिया' म्हणजे साधें, घरगुती वळणाचें, आणि 'ओस्तेरिया' म्हणजे मुळांत मद्याबरोबर चार घास देणारा गुत्ता. न्यूयॉर्कांत मात्र हीं नांवें पाट्यांवर कशींही वावरतात, आणि 'ओस्तेरिया' म्हणविणाऱ्या जागेंत माणशीं शंभर डॉलर सहज लागूं शकतात. जेवणाचा क्रमही ध्यानांत ठेवण्याजोगा आहे: आधीं किरकोळ पदार्थ, मग पास्ता किंवा भात, मग मांस वा मासा आणि सोबत भाजी, शेवटीं गोड. इटलींत पास्ता ही पहिली पायरी. अमेरिकेंत ती बहुधा जिना, माडी आणि गच्ची, सर्वच असते.

समूहासाठीं त्या शहरांत एक सोय विशेष आहे. कित्येक ठिकाणीं पदार्थ माणसागणिक न येतां चौघांपांचांना पुरेल अशा मोठ्या थाळींतून मेजाच्या मध्यभागीं येतो, आणि ज्यानें त्यानें वाढून घ्यावयाचें असतें. १९९० सालीं ब्रॉडवेवर निघालेलें 'कारमाइन्स' याच पद्धतीसाठीं प्रसिद्ध आहे. आम्हांस ही रीत मनापासून आवडली. आपापल्या बशीवर मान घालून जेवणारे तेरा लोक हे केवळ एका छताखालचे तेरा लोक असतात. पण थाळी इकडून तिकडे सरकूं लागली कीं 'आणखी घ्या' म्हणावें लागतें, 'पुरे, पुरे' म्हणावें लागतें, आणि आग्रह सुरू झाला म्हणजे ओळख नसलेलेही बोलूं लागतात. पंगतीचें अर्धें रहस्य याहून निराळें काय आहे?

मग आम्ही स्थळें पाहण्यास निघालों. कांहीं दारांशींच थबकावें लागलें. पूर्व हार्लेममध्यें 'राओज्' म्हणून १८९६ सालचें एक लहानसें भोजनगृह आहे. तेथील मेजें नेहमींच्या यजमानांकडे वर्षानुवर्षें लावून दिलेलीं असतात. नवख्याचा पाड लागत नाहीं. वतनदारी आपल्याकडे गेली असली तरी न्यूयॉर्कांत सुखरूप आहे, हें पाहून आम्हांस मौज वाटली. ब्राँक्समधील आर्थर अ‍ॅव्हेन्यू ही अजून खरीखुरी नांदती इटालियन पेठ. तेथील छपराखालचा बाजार नगराध्यक्ष ला ग्वार्डिया यांच्या कारकीर्दींत, १९४० सालीं, रस्त्यावरच्या हातगाड्यांना निवारा म्हणून उघडला गेला. चीज, ऑलिव्ह आणि ताज्या पावाच्या वासानें आम्ही तेथें दोन तास रेंगाळलों. पण न्यू जर्सीकरांना ती वाट दूरची होती.

उरलेलीं चारपांच ठिकाणें आम्ही मुद्दाम ऐन जेवणाच्या वेळीं पाहिलीं. कारण दुपारीं तीन वाजतां पाहिलेलें भोजनगृह हें प्रयोगाआधीं पाहिलेल्या नाटकगृहासारखें असतें. एके ठिकाणीं, ज्याचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, कन्येनें शिफारस केलेली 'जिवंत' जागा पाहण्यांत आली. भिंती उघड्या विटांच्या, जमीन फरशीची, छत पत्र्याचें, स्वयंपाकघर उघडें, आणि वरून वाद्यसंगीताचा धबधबा. हजर असलेलीं सर्व माणसें एकमेकांच्या कानाशीं तोंड नेऊन ओरडत होतीं. कन्येजवळील दूरध्वनियंत्रांत आवाज मोजण्याची सोय आहे. आंकडा ८८ डेसिबल निघाला. साधें संभाषण सुमारें ६० डेसिबलांत होतें, आणि दर दहा डेसिबलांना ध्वनीची शक्ति दसपट होते, हें लक्षांत घेतलें म्हणजे तेथें काय चाललें होतें याची कल्पना येईल.

या ओरड्याला शास्त्रीय नांव आहे. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्यानें १९११ सालीं दाखवून दिलें कीं भोंवतीं आवाज वाढला म्हणजे बोलणारा नकळत आपला आवाज चढवितो. एका मेजानें चढविला कीं शेजारच्यानें चढवावयाचा, आणि मग कोणाचेंच कांहीं ऐकूं येत नाहीं. पूर्वीं मेजावर जाड कापड, खिडकीला पडदे, पायाखालीं गालिचा असे. हीं सर्व आवाज गिळीत. आजच्या आवडीनें तीं काढून टाकलीं. धडधाकट कानाचा माणूस या कल्लोळांतून समोरच्याचा शब्द वेंचून घेऊं शकतो. पण मंद कानाला, यंत्र लावलें तरी, हें वेंचणेंच कठीण जातें. अशा जागीं आमचा मित्र पुन्हा मान डोलावीत बसला असता, आणि त्याच्या वांट्याला तेरांतील एक खुर्ची तेवढी आली असती.

याच्या उलट दुसऱ्या एका ठिकाणीं इतकी शांतता होती कीं कांट्याचा आवाज झाला तरी वाढपी वळून पाही. तेथें आमचे उरलेले बारा जण गुदमरले असते. गजबज आणि गलबला हे शब्द आपण एकाच दमांत वापरतों. त्यांतील भेद आम्हांस या भटकंतींत दिसला. गजबजींत माणसांचा आवाज असतो आणि शब्द जिवंत राहतो. गलबल्यांत आवाज उरतो आणि शब्द मरतो.

अखेर मॅनहॅटनच्या दक्षिण भागांत एका आडगल्लींत जागा सांपडली. मेजांवर पांढरीं कापडें, वाढपी आमच्याच वयाचे, एका कोपऱ्यांत कोणाच्या तरी आजीचा वाढदिवस, आणि पोरें खुर्च्यांखालीं. हंशा भरपूर, पण शेजारच्या मेजावरचा विनोद आम्हांस कळूं शकत होता! आम्ही आठाऐवजीं सहाची वेळ मागितली, स्वयंपाकघरापासून दूरचें, भिंतीलगतचें लांब मेज मागितलें, आणि मित्राची खुर्ची मधोमध, भिंतीकडे पाठ करून ठरविली. पाठीमागून आवाज येऊं नये आणि समोरचे सर्व चेहरे उजेडांत दिसावे, हा त्यांतील हेतु.

शाकाहाऱ्यांचा बंदोबस्तही आधींच केला. खरें 'पार्मिजानो रेज्जानो' वासराच्या जठरांतील द्रव्यानेंच विरजतात, तेव्हां कडक शाकाहाऱ्यांना तें चालत नाहीं. तुळशीसारख्या पानांच्या हिरव्या 'पेस्तो' चटणींतही बहुधा चीज असतें. आणि कित्येक टोमॅटोच्या रश्शांत बारीक खारे मासे दिसेनासे होईपर्यंत विरघळलेले असतात. उलट 'मारिनारा' हें नांव दर्यावर्दी असलें तरी त्यांत टोमॅटो, लसूण आणि तेल यांपलीकडे बहुधा कांहीं नसतें. वाढप्यानें हें सर्व न कंटाळतां लिहून घेतलें.

त्या संध्याकाळीं मित्र आला तो घड्याळाकडे पाहतच. पहिला अर्धा तास तो फारसा बोलला नाहीं. मग कोणीतरी वसतिगृहांतील एका जुन्या संपाची हकीकत सांगूं लागला: आमटींत डाळ सांपडेना म्हणून आम्हीं जेवणावर बहिष्कार घातला होता ती. हकीकत ऐन रंगांत आली असतां मित्रानें हातांतील कांटा खालीं ठेवला आणि म्हणाला, "साफ खोटं! संप आमटीसाठीं नव्हता, भातासाठीं होता. आणि तूं त्या दिवशीं मामाकडे जेवून आला होतास." सर्व मेज हंसलें. तो इतरांच्या आधीं हंसत होता. त्याच्या पत्नीनें आमच्याकडे एकदां पाहिलें आणि कांहीं न बोलतां थाळी पुढें सरकविली.

बिलाच्या वेळीं 'मी देतों, मी देतों' हा अस्सल महाराष्ट्रीय कलह झाला, शेंकडा वीसप्रमाणें बक्षिशी ठेवण्यांत आली, आणि साडेनऊला उठलों. पहाटेचें कारण त्या रात्रीं कोणीच सांगितलें नाहीं.

त्याच वर्षीं डिसेंबरांत दिल्लीच्या लाल किल्ल्यांत भरलेल्या युनेस्कोच्या समितीनें इटालियन पाकसंस्कृतीला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. आपल्या दिवाळीलाही तो मान त्याच बैठकींत मिळाला. हा मान केवळ पाककृतींचा नसून एकत्र बसून जेवण्याच्या रीतीचा आहे, हें वाचून आम्हांस समाधान वाटलें. जिवंतपणा भोजनगृह विकत देत नाहीं. तें फार तर त्याच्या आड येत नाहीं. म्हणून मंडळींसाठीं जागा निवडावयाची असेल, तर वाचकांनीं खुशाल चवीची चौकशी करावी, भावाची करावी. पण आपल्यांतील ज्याला सर्वांत कमी ऐकूं येतें, त्याच्या खुर्चीवर आधीं स्वतः बसून पाहावें. तेथें शब्द पोंचत असेल, तर बाकीच्या बारा खुर्च्यांची काळजी नको.