सगळ्या पावत्या सम क्रमांकाच्या

रमजानचा शेवटचा आठवडा. तरावीहनंतर आमच्या पनवेलच्या जमातीचे खजिनदार चाचा घरी आले. त्यांनी पावत्यांची स्थळप्रत माझ्यापुढे ठेवली. 2, 4, 6, 8... विषम आकडा एकही नाही.

"बेटा, मधल्या पावत्या कुठे गेल्या? लोक मला विचारतायत."

पावत्यांचा प्रोग्राम मीच आठवड्यापूर्वी लिहून दिला होता. ऑफिसात विंडोज, माझ्याकडे लिनक्स. दोन्हीकडे चालावा म्हणून जावात लिहिला. जकात, फित्रा आणि मशीद दुरुस्तीचा चंदा यांची खाती वेगळी, कारण जकातीचा पैसा मशिदीच्या बांधकामाला लावता येत नाही. अशा हिशेबात एक पावती जरी गहाळ दिसली तरी संशय खजिनदारावर येतो. चाचांनी तीस वर्षं वहीत हिशेब ठेवला, पैशाचाही बोल लागला नाही. माझ्या प्रोग्रामने तो आठ दिवसांत लावला.

सेहरीपर्यंत कोड वाचत बसलो. पुढचा क्रमांक मी पान छापणाऱ्या 'प्रिंट' या फंक्शनमध्येच काढत होतो. एका पानासाठी ते एकदाच चालतं, ही माझी समजूत. प्रत्यक्षात जावा एकाच पानासाठी त्याला अनेकदा बोलावू शकतं: आधी पानावर काय आहे ते बघायला, मग छापायला, कधी पान पट्ट्यापट्ट्यांनी छापायचं असेल तर दर पट्टीला पुन्हा. दर वेळी माझा आकडा एकाने पुढे सरकत होता. कागद एक, क्रमांक दोन. जावाच्या माहितीपुस्तिकेत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. मी मात्र पावती फक्त पडद्यावर पाहिली आणि समाधान मानलं.

दुरुस्ती छोटी होती. क्रमांक आता रक्कम खात्यात नोंदवतानाच, एकदाच मिळतो. 'प्रिंट' फक्त तो कागदावर काढतं, कितीही वेळा बोलावलं तरी. कागद अडकून पावती पुन्हा छापली, तर तिच्यावर 'दुबार प्रत' येतं.

सूरह बकराच्या 282व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगितलंय, आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं असंही. पावती छापणारा प्रोग्राम म्हणजे लिहिणाराच, आणि त्याची जबाबदारी माझी.

पावत्यांची बेरीज आणि पेटीतली रक्कम जुळली. जुम्म्याच्या नमाजनंतर मी उभा राहून सगळ्यांना सांगितलं की चूक माझी आहे, चाचांची नाही.

चाचा आता प्रोग्राम वापरतात, पण वहीसुद्धा लिहितात. मीच म्हटलं, लिहीत राहा.