तिला कोण घेऊन जाणार?

आमच्या मुरुडात पुरुष पिऊन रस्त्यात पडला तर दोघं जण उचलून त्याला घरी आणतात. बाई पिते असं कळलं की घरचे आधी दार लावून घेतात. "तिला बरं नाहीये," एवढंच शेजाऱ्यांना सांगायचं.

पुण्याचं 'मुक्तांगण' आपल्याला ठाऊक आहेच. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु.लं. आणि सुनीताबाईंच्या मदतीने १९८६ साली ते सुरू केलं. तिथे बायका यायच्या, पण बहुतेक पेशंटच्या बायका किंवा आया म्हणून. त्यांच्यासाठी 'सहचरी' हा गटही निघाला. पण व्यसनी बाईसाठी स्वतंत्र विभाग, 'निशिगंध', सुरू झाला २००९ साली. मध्ये चक्क २३ वर्षं गेली!

मला विचाराल तर हा उशीर संस्थेचा कमी, आपला जास्त. लपवलेला पेशंट दवाखान्याला दिसणार कसा? शिवाय ती उपचाराला गेली तर पोरांचे डबे कोण करणार, लोकांना काय सांगणार? नवरा बरा व्हावा म्हणून बायको थांबते. बायकोसाठी किती नवरे थांबतात?

असो. मुरुडहून सकाळची एसटी धरली की संध्याकाळच्या आत पुणं येतं. घरातलं कुणीतरी तिच्या शेजारी बसायला हवं, एवढंच.