गच्चीवरचा मनोरा, उशाखालचा फोन

भिंगारच्या पेठेतील एका किराणा व्यापाऱ्याकडे, मोबाईलच्या मनोऱ्यासाठी गच्ची भाड्याने देण्याचा प्रस्ताव आला. दुकानाचा गल्ला रोडावत असताना दरमहा घरबसल्या मिळणारे भाडे ही लहान गोष्ट नव्हती. परंतु शेजारच्या घरी कर्करोगाचा रुग्ण अंथरुणाला खिळलेला. मनोऱ्याच्या लहरींनी दुखणे बळावेल, या धास्तीने त्या घरातील मंडळींनी हात जोडले. एकीकडे तीन पिढ्यांचा शेजार, दुसरीकडे प्रपंचाची सोय, असा पेच पडला.

ही धास्ती एकट्या भिंगारची नव्हे. सांगली जिल्ह्यातील चिखलहोळ ग्रामपंचायतीनेही याच कारणास्तव मनोऱ्याविरुद्ध ठराव केला होता. अशा किरणोत्सर्गाने कर्करोग होतो याला शास्त्रीय आधार नाही, असे नमूद करून मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला.

व्यापाऱ्याने खतावणी तपासावी तशी दोन्ही बाजू तपासल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2011 साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात घातले. त्याचा अर्थ, संशय आहे, पण पुरावा अपुरा. पुढे 2024 मध्ये त्याच संघटनेसाठी 63 अभ्यासांचा आढावा घेण्यात आला. मोबाईलच्या वापराने मेंदूचा कर्करोग वाढल्याचे त्यात दिसले नाही. या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतील रेणू तोडू शकत नाहीत. शिवाय भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश इतकीच मर्यादा ठेवली आहे.

हिशोबातील खरी मेख निराळीच निघाली. अंतर वाढते तशा लहरी झपाट्याने क्षीण होतात. मनोरा दूर असतो, फोन मात्र कानाला टेकलेला. मनोरा फार दूर असेल, तर फोनला अधिक जोर लावावा लागतो.

हे सारे त्याने शेजाऱ्यांना समजावले. त्यांनी माना डोलावल्या. परंतु रुग्णाच्या नजरेतील भीती हलली नाही. अखेर व्यापाऱ्याने प्रस्ताव नाकारला. लहरींच्या भयाने नव्हे. आजारी माणसाच्या मनःशांतीचे मोल भाड्याच्या रकमेत बसेना म्हणून.

त्याच रात्री त्याने स्वतःच्या उशाखालचा फोन उचलून दूरच्या फडताळात ठेवला. लांब संभाषणास इयरफोन, रेंज क्षीण असता बोलणे थोडक्यात, आणि दुचाकीवर फोन मुळीच नाही, असा नेम घरात घातला. पूर्वज ज्याला यतना म्हणत, ती याहून निराळी नसावी.