जुन्या वाड्याचें लांकूड

सोलापुराहून हैदराबादेकडे जाणाऱ्या रस्त्यानें निघालें म्हणजे नळदुर्गचा किल्ला मागें पडतांच दोहों बाजूंस काळी सपाट जमीन लागते. मधून मधून बाभळीचें किंवा लिंबाचें झाड, आणि दृष्टि पोंचेल तेथवर तुरीचीं व ज्वारीचीं शेतें. ह्याच रस्त्यानें गेल्या मार्गशीर्षांत आम्ही धाराशिव जिल्ह्यांतील आमच्या मूळ गांवीं गेलों. जाण्याचें कारण यात्रेचें नव्हतें. परततांना तुळजापूरचें दर्शन घडलें हा लाभ निराळा. आमच्या पडलेल्या वाड्याचें लांकूड तीस वर्षांहून अधिक काळ एका पत्र्याच्या छपराखालीं रचून ठेवलेलें होतें. त्यांतील कोणतें नव्या घरास घ्यावें व कोणतें टाकावें, हें ठरविण्याचें काम घरच्या मंडळींनीं आमच्यावर सोंपविलें होतें.

ह्या जिल्ह्यांत अरण्य नांवापुरतेंच आहे. मग वाड्यावाड्यांतून सागाचे एवढाले खांब आले कोठून, असा प्रश्न प्रवाशास पडावा. तें लांकूड बाहेरून बैलगाड्यांवर येई, आणि म्हणूनच त्याचें मोल फार. एक घर मोडलें कीं त्याचें लांकूड दुसऱ्या घरास लागे. जुन्या लांकडानें नवें घर सजविणें ही शहरांत हल्लींची आवड समजली जाते. मराठवाड्यांत ती जुनी रीत आहे. जपलेलें लांकूड किती टिकतें ह्याची साक्षहि ह्याच जिल्ह्यांत तेर येथें मिळते. तेथील उत्तरेश्वराच्या प्राचीन विटांच्या देवळाची कोरीव दारचौकट लांकडाचीच आहे.

येथील घर खणांनीं मोजतात. चार खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर फळ्या, आणि सर्वांवर मातीचें जाड माळवद. अशा एका चौकोनास खण म्हणावयाचें. भावाभावांच्या वांटण्यासुद्धां खणांच्या हिशेबानें होत. भोंवतीं दगडमातीच्या रुंद भिंती असत. उन्हाळ्यांत अशा घरासारखा गारवा दुसऱ्या कोणत्याहि घरांत नाहीं. पण त्या माळवदाचें ओझें मात्र पुष्कळांनीं कधीं मनांत आणिलें नाहीं. दर पावसाळ्यापूर्वीं गळती थांबविण्यासाठीं त्यावर मातीचा थर चढे, आणि पिढ्यांमागून पिढ्या तो वाढतच जाई. एक घनफूट माती सुमारें पंचेचाळीस किलो भरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा खोलीवर दोन फूट माती असली तर निजलेल्या माणसांच्या डोक्यावर नऊ हजार किलो भार झाला!

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं हें ओझें खालीं आलें. आदल्या दिवशीं गणपतीचें विसर्जन करून लोक गाढ झोंपीं गेले होते. लातूर जिल्ह्यांतील किल्लारी व त्यालगतचा आपला उमरगा-लोहारा भाग ह्यांत सास्तूरसारखीं भरलेलीं गांवें कांहीं क्षणांत मातीचे ढीग झालीं, आणि हजारों माणसें गेलीं. भूकंपाच्या नकाशावर हा प्रदेश तोंवर सर्वांत निर्धोक पट्ट्यांत गणला जात असे.

त्यानंतर दगड आणि लांकूड ह्या दोहोंविषयीं लोकांच्या मनांत धास्ती बसली. ती स्वाभाविक होती. परंतु ती पुरती खरी नव्हती. पाहणी करणाऱ्यांस असें आढळलें कीं, भिंती कोसळल्या त्या मुख्यतः बांधणीच्या दोषामुळें. आंतले व बाहेरचे दगड मातीच्या गाऱ्यांत बसविलेले असून, दोहोंस एकत्र बांधणारे आरपार दगड फारसे घातलेले नसत. धक्का बसतांच भिंतीच्या दोन्ही बाजू फुटून निराळ्या झाल्या. जेथें तुळया अशा भिंतींवरच टेकल्या होत्या तेथें माळवद खालीं आलें. जेथें तें लांकडी खांबांवर नीट तोललेलें होतें, तेथें कित्येक घरीं भिंती पडूनहि खण उभे राहिले.

आमच्या वाड्यांत हे दोन्ही प्रकार घडले. ओसरीचे सहा खांब जागचे हालले नाहींत, व तेथें निजलेलीं सर्व माणसें वांचलीं. माजघराच्या तुळया भिंतींत होत्या. तेथें आमच्या काकूंची धाकटी नणंद निजली होती. ती उठली नाहीं.

पुढें बावन्न गांवें नव्या जागीं वसलीं. जमिनीच्या मानानें अडीचशें, साडेचारशें किंवा साडेसातशें चौरसफुटांचीं घरें मिळालीं. तीं सिमेंटचीं होतीं; त्यांत जुन्या तुळईस जागा नव्हती. हातांत पैसा नसलेल्या लोकांनीं मिळेल त्या भावानें लांकूड विकलें. आमच्याकडेहि एक व्यापारी आला, आणि सारा ढीग न मोजतां उचलण्याची भाषा बोलूं लागला. वडिलांनीं त्यास परत पाठविलें. तेव्हां त्यांचा तो हट्ट वाटला.

आतां त्या ढिगापुढें आम्ही बसलों तों साठी उलटलेले एक सुतार मिस्त्री बरोबर होते. त्यांची परीक्षा पाहण्यासारखी होती. प्रथम ते नुसते हातोडीनें ठोकीत. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद्द आवाज आला कीं लांकूड आंतून पोकळ समजावें. मग टोंचा घेऊन तुळईचें भिंतींत पुरलेलें टोंक तपासीत, कारण ओल व वाळवी प्रथम तेथेंच शिरते. टोंचा सहज रुतला तर तेवढा भाग कापून टाकावयाचा. सागाच्या गाभ्यास वाळवी सहसा तोंड लावीत नाहीं; कडेचें फिकट लांकूड मात्र ती सोडीत नाहीं. किड्यानें पाडलेलीं छिद्रें दिसलीं तर खालीं ताजा भुसा पडतो कीं काय, तें पाहावें. पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. धाग्याच्या दिशेनें गेलेल्या भेगा बहुधा वाळतांना पडलेल्या असतात, त्यांचें फारसें भय नाहीं. आडवी चीर दिसली तर तें लांकूड भारास घेऊं नये. तुळईच्या मध्यभागीं खालच्या अंगास जुन्या सांध्याची खोबण असली तरीहि तसेंच, कारण वांकतांना सर्वांत अधिक ताण तेथेंच पडतो.

एवढें झाल्यावर यादी करावी. प्रत्येक लांकडास क्रमांक, लांबी, रुंदी, जाडी, दोष कोठें, आणि मुख्य म्हणजे तें नव्या घरांत कोठें बसणार, हें त्यापुढें लिहावें. रंधून झाल्यावर माप घटतें, म्हणून हवें असलेलें माप रंधल्यानंतरचें कीं आधींचें, तेंहि स्पष्ट असावें. पुष्कळ तंटे ह्या एकाच गोष्टीवरून होतात. करवतीस देण्यापूर्वीं लोहचुंबक फिरवून खिळे काढावेत. तैलरंगाचे जुने थर घांसतांना मुलांस दूर ठेवावें. त्यांत शिसें असण्याचा संभव असतो. आणि छपराचा भार ज्यावर यावयाचा तें लांकूड स्थापत्य जाणणाऱ्या अभियंत्यास दाखविल्याविना वापरूं नये. आम्हीं ओसरीचे खांब नव्या ओसरीस घेतले. पण माळवद घातलें नाहीं, हलकें छप्पर ठरविलें.

यादी वाचून दाखविली तेव्हां काकू सर्व ऐकून घेऊन म्हणाल्या, "माजघराची तुळई ह्यांत कोणती?" पडलेल्या घराचें लांकूड नव्या घरास नको, असें सांगणारें वास्तुशास्त्राचें वचन कोणी पुढें करील अशी आमची अटकळ होती, व त्यास उत्तरहि आम्हीं तयार ठेविलें होतें. ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. मिस्त्रींनीं मात्र ती शोधून काढिली. जुने सुतार जोडणीसाठीं टोंकांवर पटाशीनें खुणा करीत. त्या खुणांवरून खण ओळखतां आला. नऊ फूट लांब, आठ इंच रुंद, आठ इंच जाड, म्हणजे चार घनफूट निर्दोष साग. साऱ्या ढिगांत तिच्या तोडीची दुसरी नव्हती.

"तिचा दोष नाहीं, भिंतीचा होता," असें आम्ही म्हणालों. काकू म्हणाल्या, "तें मला ठाऊक आहे. पण तिच्याखालीं मला झोंप यायची नाहीं."

आम्हीं यादींतून तो क्रमांक खोडला. हिशेबानें पाहिलें तर हें नुकसानच, आणि घरांतील तरुण मंडळींनीं तसें बोलूनहि दाखविलें. शेवटीं काकूंनींच सुचविलें कीं, जुन्या गांवठाणांत मारुतीच्या देवळापुढें लोक अजून शनिवारीं येतात, त्यांस टेकावयास कांहीं नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तुळई ट्रॅक्टरवर घालून तिकडे नेली आणि दोन दगडांवर आडवी ठेविली. काकू प्रथम तीवर बसल्या. मग आम्ही बसलों.