नदीच्या वेढ्यातलं श्रूजबरी

गाडी थांबली आणि खिडकीतून खाली पाहिलं, तर पाणी! आमचा डबा फलाटाला लागला होता, पण फलाटाखालून नदी वाहत होती. श्रूजबरीचं स्टेशन १८४८ सालचं. पुढे गाड्या वाढल्या, जागा अपुरी पडली आणि फलाट नदीवरच्या पुलापर्यंत लांबवावे लागले. स्टेशनाबाहेर रुळांच्या फाट्यावर लाल विटांचं एक उंच सिग्नल केबिन उभं आहे. हातानं ओढायच्या १८० खटक्यांचं हे केबिन अजून कामावर असलेल्या यांत्रिक केबिनांमध्ये जगातलं सर्वांत मोठं आहे. इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या सीमेलगतच्या या गावानं पहिल्या पाच मिनिटांतच आम्हा दोघांना चकित केलं.

नदीचं नाव सेव्हर्न. वेल्सच्या डोंगरात उगम पावणारी, साधारण २२० मैल लांबीची ही ब्रिटनमधली सर्वांत लांब नदी. श्रूजबरीला ती एका टेकडीभोवती असा वेढा घालते की नकाशा पाहिल्यावर गळ्यातली सरीच आठवावी: गोल फिरून आलेली, दोन टोकं जवळ येऊन जराशी उघडी राहिलेली. त्या उघड्या जागेवर तांबड्या दगडाचा किल्ला आहे. नॉर्मन सरदारांनी अकराव्या शतकात तो नेमका तिथं का बांधला, हे वेगळं सांगावं लागत नाही. तीन बाजूंना पाणी, चौथीला किल्ला. गावात यायला दोन जुने पूल: पूर्वेला इंग्लिश ब्रिज, पश्चिमेला वेल्श ब्रिज. सीमेवरच्या गावाचं सगळं आयुष्य या दोन नावांत आहे. वेल्सशी लढायाही याच गावातून झाल्या आणि व्यापारही याच गावातून झाला.

व्यापार होता लोकरी कापडाचा. वेल्समध्ये विणलेलं कापड श्रूजबरीचे व्यापारी विकत घेत, त्यावर पुढची प्रक्रिया करून लंडनला पाठवत. सोळाव्या शतकात त्या पैशातून इथली लाकडी सांगाड्याची घरं उभी राहिली. ओकच्या जाड तुळया, मधल्या जागेत कुडाच्या भिंती, त्यावर चुन्याचा गिलावा. प्रत्येक मजला खालच्या मजल्याच्या हातभर पुढे आलेला. काही बोळांत तर समोरासमोरच्या दोन घरांचे वरचे मजले इतके जवळ आले आहेत की मधून आकाशाची नुसती पट्टी दिसते. गावात अशा बोळांचं जाळंच आहे. साडेसहाशेहून जास्त इमारती इथं वारसा म्हणून नोंदलेल्या आहेत.

घरं वाकडी का, याचं उत्तर लाकडात आहे. ओक वाळला की लोखंडासारखा कठीण होतो, म्हणून सुतार तो ओला असतानाच कापत आणि जोडत. मग घर उभं राहिल्यावर लाकूड हळूहळू वाळायचं, पिळायचं, आणि त्याबरोबर सगळा सांगाडा थोडा झुकायचा. सांधे मात्र सुटत नसत, कारण ते खिळ्यांनी नाही, तर खोबण आणि लाकडी खुंट्यांनी बांधलेले. जवळ जाऊन पाहिलं तर सांध्यांपाशी छिन्नीनं कोरलेले रोमन आकडे दिसतात. सुतार आधी जमिनीवर सगळा सांगाडा जुळवत, तुकड्यांवर खुणा करत, मग तो सुटा करून जागेवर उभा करत. कोणती तुळई कोणत्या खांबात, हे त्या आकड्यांवरून कळायचं. एका खांबावरच्या आकड्यांवरून मी बोट फिरवलं. ज्या हातानं ते कोरले तो चारशे वर्षांपूर्वीच थांबला, पण त्यानं केलेला जोड आजही मजल्याचा भार वाहतो आहे.

मुख्य चौकात १५९६ साली बांधलेला दगडी बाजार आहे. खाली धान्य विकलं जायचं, वरच्या मजल्यावर कापड. खालच्या कमानीतल्या खांबावर आतल्या बाजूला ओळीनं भोकं पाडलेली आहेत. विकलेल्या लोकरीची मोजदाद ठेवायची ही सोय. दगडातच कोरलेली हिशेबाची वही! आणि वर, जिथं कापडाचे सौदे व्हायचे, तिथं आज चित्रपटगृह चालतं. संध्याकाळी लोक तिकिटं काढून त्या इमारतीत शिरताना पाहिले आणि या गावाची खरी किमया कळली. इथं जुनं काचेआड ठेवलेलं नाही, रोजच्या कामाला लावलेलं आहे.

याच बाजारासमोर रॉबर्ट क्लाइव्हचा १८६० साली उभारलेला ब्राँझचा पुतळा आहे. क्लाइव्ह याच परगण्यातला. १७६१पासून मरेपर्यंत तो श्रूजबरीचा खासदार होता, १७६२मध्ये महापौरही झाला. मराठी माणसाला त्याच्यासमोरून सहज पुढे जाता येत नाही. प्लासीच्या लढाईच्या आदल्या वर्षी, १७५६च्या फेब्रुवारीत, अ‍ॅडमिरल वॉटसनच्या आरमाराबरोबर हाच क्लाइव्ह विजयदुर्गावर चालून आला होता. तुळाजी आंग्र्यांविरुद्ध पेशव्यांनीच इंग्रजांशी हातमिळवणी केली होती. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं, किल्ला पडला, आणि कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना आव्हान देणारी दर्यावर्दी ताकद संपली. पुढच्या वर्षी प्लासीनंतर बंगालचा नवाब झालेल्या मीर जाफरनं क्लाइव्हला २,३४,००० पौंड दिले. २०२०मध्ये पुतळा हटवावा अशी मागणी झाली, परगण्याच्या कौन्सिलनं तो ठेवायचं ठरवलं. पुतळ्याचं काय करायचं ते तिथल्या लोकांनी ठरवावं. पण या चौकातून शाळेला जाणाऱ्या मुलांना विजयदुर्ग आणि प्लासी ही नावं ठाऊक असावीत, असं मला तिथं उभं असताना फार तीव्रतेनं वाटलं.

याच गावानं दुसऱ्या टोकाचा माणूसही दिला. चार्ल्स डार्विन १२ फेब्रुवारी १८०९ रोजी इथं जन्मला. ज्या शाळेत तो शिकला तिची जुनी दगडी इमारत आज सार्वजनिक ग्रंथालय आहे, आणि बाहेर खुर्चीत बसलेला डार्विन आहे. शाळेच्या वसतिगृहात राहूनही तो पळत घरी जायचा आणि दरवाजे बंद व्हायच्या आत परतायचा. बीगल जहाजावरून पाच वर्षांनी, ऑक्टोबर १८३६मध्ये, तो रात्री उशिरा घरी पोहोचला. सगळे झोपले होते. त्यानं कुणाला उठवलं नाही, सकाळी सरळ न्याहारीच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. ग्रंथालयात वाचत बसलेल्या मुलांकडे पाहताना मला तो पळत सुटलेला शाळकरी मुलगाच दिसत होता.

पुणेकरांसाठी एक थांबा मुद्दाम सांगते. कॅम्पातल्या कयानी बेकरीत रांग लावून आपण जी श्रूजबरी बिस्किटं घेतो, त्यांचं नाव या गावाचं. कॅसल स्ट्रीटवरच्या एका भिंतीवर फलक आहे: पॅलिन नावाच्या बेकरीवाल्यानं १७६०मध्ये या जागी आपल्या कृतीनं श्रूजबरी केक बनवले, असं तो सांगतो.

वेळ असेल तर गावाबाहेरची डिथरिंग्टनची जवसाच्या धाग्याची गिरणी बघाच. त्या काळी लाकडी मजल्यांच्या गिरण्यांना वारंवार आगी लागत. त्यावर उपाय म्हणून १७९७मध्ये चार्ल्स बेजनं खांब आणि तुळया लोखंडाच्या घेतल्या. लोखंडी सांगाड्याची ही जगातली पहिली इमारत, आजच्या गगनचुंबी इमारतींची मूळपुरुष. १९८७नंतर ती ओस पडली होती, दुरुस्ती होऊन २०२२मध्ये पुन्हा उघडली.

आता मुक्काम कुठं करायचा? माझं स्पष्ट मत: नदीच्या वेढ्याच्या आत. तिथून सगळं गाव पायी होतं. वाइल कॉपच्या चढावर ‘द लायन’ ही घोडागाड्यांच्या काळातली सराई आजही हॉटेल आहे. तिथून सुटणारी ‘वंडर’ ही गाडी एका दिवसात लंडन गाठायची. चार्ल्स डिकन्स तिथं उतरले होते, १८३१मध्ये पागानिनीनं तिथल्या नृत्यदालनात व्हायोलिन वाजवलं. बुचर रोवरचं ‘प्रिन्स रूपर्ट’ हाही असाच जुना ठेवा. स्वस्तात हवं असेल तर इंग्लिश ब्रिज ओलांडून, १०८३मध्ये स्थापन झालेल्या मठाच्या बाजूला घरगुती न्याहारीसह खोल्या मिळतात, आणि दहा मिनिटांत चालत गावात येता येतं.

खोली ठरवताना दोन गोष्टी विचाराव्यात. जुन्या घरांत बहुधा लिफ्ट नसते आणि जिने अरुंद, वळणाचे असतात. बरोबर वडीलधारी मंडळी असतील तर खालच्या मजल्यावरची खोली मागावी. दुसरी गोष्ट पुराची. सेव्हर्न हिवाळ्यात फुगते. २०००च्या पुरानंतर वेल्श ब्रिजपलीकडच्या फ्रँकवेल भागात पूर येण्याआधी उभारायच्या धातूच्या फळ्यांची भिंत केली आहे, तरी नदीलगतच्या खोलीसाठी हिवाळ्यात आधी चौकशी केलेली बरी. टेकडीवर ही चिंता नाही. मोटार नेऊच नये, गल्ल्या तिच्यासाठी नाहीत. लंडनच्या युस्टनहून बर्मिंगहॅमला गाडी बदलून अडीच-तीन तासांत पोहोचता येतं. मार्च ते ऑक्टोबर ‘सब्रीना’ ही बोट पाहुण्यांना नदीत फिरवते. शाकाहारी मंडळींना आजच्या बाजाराच्या इमारतीत (चौकातल्या जुन्या दगडी बाजारात नव्हे) वरच्या मजल्यावर पोटभर काहीतरी मिळतं.

आम्ही एका जुन्या लाकडी घरातल्या खोलीत राहिलो. जमीन खिडकीकडे इतकी उतरती की पलंगाच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे लावलेले. डोक्यावरच्या तुळईत रिकाम्या खोबणी दिसत होत्या. तिथं कधीतरी भिंत होती, कुणी काढली, कुणी दुसरीकडे घातली. प्रत्येक पिढीनं आपल्या गरजेप्रमाणे घर बदललं, पण पाडलं नाही. संध्याकाळी पाचला दुकानं बंद होतात, दिवसाचे पाहुणे गाडीनं निघून जातात आणि जूनमध्ये रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. ते साडेचार तास इथं मुक्काम करणाऱ्यांचे.

इंग्लंडला जाणाऱ्या मराठी माणसाच्या यादीत लंडनचीच ठिकाणं भरलेली असतात. त्यातली दोन कमी करावीत आणि दोन रात्री श्रूजबरीला द्याव्यात. लाकडाचं घर चारशे वर्षं कसं टिकतं, हे संग्रहालयात वाचून जेवढं कळतं, त्याहून कितीतरी जास्त त्या घरात झोपून उठल्यावर कळतं.