रुपेरी पानं आणि आपला पाऊस

उन्हाळ्यात माझी रुपेरी झाडं सहसा दगावत नाहीत. जातात ती आषाढात, शेजारची सगळी बाग माजलेली असताना.

डस्टी मिलरच्या पानावर भिंग धरा. पान हिरवंच असतं. वर पांढऱ्या केसांची दाट लव असते आणि तिच्यात अडकलेली हवा उजेड परतवते. लव नीट भिजली की खालचा हिरवा रंग उघडा पडतो. भूमध्य समुद्राकाठच्या खडकांवर, खाऱ्या वाऱ्यात आणि रखरखीत उन्हात या झाडानं अंगावर घेतलेलं हे पांघरूण. तिथे पाऊस हिवाळ्यातला, उन्हाळा कोरडा. पुण्यात उकाडा आणि ओल हातात हात घालून येतात. लव वाळत नाही, बुरशी धरते, खोड मातीलगत सडतं.

म्हणून कुंडीत मी माती, जाडी वाळू आणि विटांचे तुकडे भरतो. शेणखत नावाला. लाड केले की पान मोठं, मऊ आणि हिरवट होतं, सावलीतही तेच. पाणी बुडाशी, वरची माती सुकल्यावरच. पिवळ्या फुलांचे दांडे मी खुडून टाकतो. ती आवडणारी माणसं आहेत, असोत. पण फुलावर आलेलं झुडूप उंडारतं. पावसाळ्यात कुंड्या पागोळ्यांपासून लांब, छपराखाली.

सगळ्याच रुपेरी पानांना हा न्याय लावू नये. व्हिएतनामकडच्या अल्युमिनियम प्लांटच्या पानावर लव नसते. त्याचे चांदीचे पट्टे सालीखालच्या हवेच्या पोकळ्यांमुळे दिसतात. त्याला सावली आणि ओलावा हवा. डस्टीशेजारी उन्हात ठेवलं तर पानं करपतात. आपला दवणा मात्र लवेच्याच घराण्यातला. चैत्रात जोतिबाला वाहतात तोच. थंडीत निचऱ्याच्या जमिनीत तो खुलतो.

टेक्सास आणि मेक्सिकोतून आलेलं ल्युकोफायलम मला यांत सगळ्यात समजूतदार वाटतं. पाणी साचू दिलं नाही तर पाऊस सोसतं आणि हवा दमट झाली की जांभळ्या फुलांनी भरून जातं. रस्त्याच्या दुभाजकांवर मात्र कात्री लावून त्याचे गोल चेंडू करतात. फुलं येतात नव्या फुटीवर, आणि कात्री चालते नेमकी तिच्यावर. माझी छाटणी बहर ओसरल्यावर, तीही शेंड्यांपुरती.