उच्चार कशासाठी?

वाशीस आमच्या घरी थोरली सून आली ती लखनौची. मोठ्या हौसेने ती मराठी बोलू लागली. परंतु ‘वेळ’ म्हणावयाचे तेथे ‘वेल’ येई आणि मुले हसत. मीही शब्दाशब्दास तिला टोकीत असे. एके दिवशी ती मराठी बोलावयाचीच थांबली, तेव्हा माझी चूक मला उमगली. तिकडील हिंदीत ‘ळ’ नाही, दंत्य ‘ज’ही नाही, हा काही तिचा अपराध नव्हे. आता अर्थ बिघडतो तेवढेच उच्चार मी घोटवून घेतो : जिभेचे टोक टाळूकडे वळवून ‘मूल’चे ‘मूळ’, आणि ‘जग’ व ‘जगणे’ यांतला दंत्य ‘ज’. बाकी बोलण्यातली लखनवी लकब खुशाल राहो. उच्चार शिकवावयाचा तो ऐकणाऱ्यास कळावे म्हणून. बोलणाऱ्याचे माहेर पुसण्यासाठी नव्हे.